ऑन, रिझर्व्ह, ऑफ : दोन जुन्या गाड्या आणि चवथीनंतरचा गोवा

शनिवार : गडहिंग्लज – आजरा – आंबोली – डिचोली

आमच्या भागातून मोटरसायकलवर गोव्याला जाणाऱ्यांचा एक जुना खेळ आहे. घरून निघताना टाकीत पेट्रोल असं बेतानं ठेवायचं की पत्रादेवीला गोव्याच्या हद्दीत शिरताना गाडी रिझर्व्हला लागलेली असावी, आणि पलीकडच्या पहिल्या पंपावर टाकी फुल्ल करावी. 2012 साली मनोहर पर्रीकरांच्या सरकारनं पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ काढूनच टाकला होता. तेव्हा गोव्यात पेट्रोल लिटरमागे 11 रुपयांनी उतरलं. आता तेवढी मजा राहिलेली नाही, तरी गोव्यात ते अजून स्वस्तच मिळतं आणि सीमेवरची माणसं अजून हिशेब करूनच निघतात. मामा या खेळातला पट्टीचा खेळाडू.

मामाची बुलेट जुन्या चालीची, गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या. माझ्याकडे बाबांची 1994 ची आरएक्स 100. दोन्हींना पेट्रोलचा काटा नाही. टाकीत किती उरलंय ते झाकण उघडून, गाडी हलवून, आवाज ऐकून ठरवायचं. आणि सगळे अंदाज चुकले तर टाकीखालचा कॉक, म्हणजे पेट्रोलची तोटी, आहेच.

काटा आणि दिवे बघत मोठी झालेली पोरं हल्ली विचारतात, म्हणून थोडक्यात सांगते. रिझर्व्हची वेगळी टाकी वगैरे काही नसते. टाकी एकच, पण कॉकमधून आत दोन वाटा जातात. एक उंच नळी, ती ‘ऑन’ची. दुसरं अगदी तळाशी भोक, ते ‘रिझर्व्ह’चं. पेट्रोल उंच नळीच्या तोंडाखाली गेलं की गाडी आचके देते. तेव्हा डावा हात खाली घालून कॉक फिरवायचा, की तळाचं पेट्रोल सुरू. मधल्या काही क्षणांत कार्बोरेटरच्या (इंजिनात जायच्या आधी पेट्रोलात हवा मिसळणाऱ्या भागाच्या) वाटीतलं संपलेलं असतं. म्हणून चालत्या ट्रकच्या पुढे असताना हा कार्यक्रम करू नये.

आजऱ्यापासून पाऊस लागला. आंबोलीत धुकं इतकं की पुढची बुलेट दिसत नव्हती, नुसती ऐकू येत होती. चहा आणि मक्याचं कणीस झालं. घाट उतरायला लागलो आणि तिसऱ्या-चौथ्या वळणावर माझी गाडी फुरफुरली. कॉक फिरवला, चालू पडली. माझ्या हिशेबानं बांद्यापर्यंत रिझर्व्ह लागायला नको होतं. खाली दाणोलीला सपाटीवर आल्यावर मामा म्हणाला, ‘‘आता परत ऑनवर टाक बघू.’’ टाकला, आणि गाडी ऑनवर बांदा पार करून गेली!

कारण साधं आहे, फक्त सुचलं पाहिजे. बहुतेक गाड्यांचा कॉक टाकीच्या मागच्या बाजूला असतो. उतारावर गाडीचं तोंड खाली, त्यामुळे सगळं पेट्रोल टाकीच्या पुढच्या भागात जातं आणि मागची नळी कोरडी पडते. चढावर याच्या उलट, शेवटचा पेलाभरही कॉकापाशी येऊन बसतो. म्हणून घाट उतरताना लागलेलं रिझर्व्ह खरं मानायचं नाही. सपाटीवर येऊन पुन्हा तपासायचं.

जाण्याआधी करायचं काम : आपल्या गाडीचं रिझर्व्ह मोजून घ्या. पुस्तकात छापलेला आकडा नव्या टाकीचा असतो. तीस वर्षांत टाकीला पोचे पडलेले असतात, कॉक बदललेला असतो, कधी तर आतली उंच नळी तुटून गेलेली असते आणि मग ऑन काय, रिझर्व्ह काय, दोन्ही एकच. गाडी ऑनवर चालवत पहिला आचका येऊ द्यायचा. इंजिन थंड झाल्यावर मोकळ्या जागेत कार्बोरेटरची नळी काढून कॉक रिझर्व्हवर करायचा आणि निघेल ते पेट्रोल मापाच्या भांड्यात धरायचं. आसपास विडी-काडी नको. माझ्या गाडीचं सव्वा लिटर भरलं. घाटरस्त्यात तिला लिटरला पस्तीस धरले तर चाळीसेक किलोमीटर हातात. मामाच्या बुलेटचा आकडा मामा कुणाला सांगत नाही.

पत्रादेवीच्या पुढे टाक्या भरल्या. पुढे म्हापशात भाजी-पाव खाल्ला, वर गरम मिरची भजी, आणि अस्नोड्यावरून डिचोलीला मावशीकडे. तिच्याकडे पाच दिवसांचा गणपती, विसर्जन आदल्याच दिवशी झालेलं. माटोळी उतरवायची राहिली होती. चौकटीला बांधलेली सुपारीची शिपटी, तवशी, रानातली फळं तशीच वर लोंबत होती. जेवायला उरलेल्या नेवऱ्या आणि खतखतं. दुसऱ्या दिवशीचं खतखतं पहिल्या दिवसापेक्षा चांगलं लागतं या मतावर मावशी आणि मामा यांचं लहानपणापासून एकमत आहे. बाकी कशावरच नाही.

‘‘दादा, या वयात पावसात कशाला रे मरायला गाडीवर?’’ असं मावशीनं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता त्याचा रेनकोट चुलीपाशी वाळत टाकला.

रविवार : नार्वे – दिवाडी – जुने गोवे – रिवण

सकाळी नार्व्याला सप्तकोटेश्वराचं दर्शन. मूळ देऊळ दिवाडी बेटावरचं. पोर्तुगीजांनी ते पाडल्यावर देव नदीच्या अलीकडे आणला गेला, आणि 1668 साली शिवाजी महाराजांनी इथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला. अलीकडे पुन्हा डागडुजी झाली आहे, ती बरी जमली आहे. भडक रंग नाही, फरशांचा चकचकाट नाही. पावसात दीपमाळेवर हिरवी मखमल चढली होती.

तिथून फेरीबोटीनं दिवाडी. पायी माणसाला आणि दुचाकीला तिकीट नाही. फेरीत चढल्यावर इंजिन बंद करा, तसाच कॉकही बंद करा. जुन्या कार्बोरेटरमधली पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई झिजलेली असते. गाडी उभी असताना पेट्रोल झिरपत राहतं, खाली ठिबकतं, किंवा त्याहून वाईट म्हणजे इंजिनात उतरून ऑइल पातळ करतं. रात्री गाडी लावताना तर ‘ऑफ’ हवंच. मामा हे इतक्या सवयीनं करतो की त्याचा हात गाडीवरून उतरायच्या आधी कॉकावर गेलेला असतो.

दिवाडीत पियेदादच्या टेकडीवर चर्चच्या पायऱ्यांवर बसून दोन्ही बाजूची भातखाचरं बघितली. हे बेट घाईनं बघू नये एवढंच सांगते.

जुन्या गोव्याच्या बाजूच्या धक्क्याकडे आलो तर रॅम्पच्या अलीकडे पुण्याची दोन पोरं गाडी ढकलत होती. काळ्या पाटीवर पिवळे आकडे, म्हणजे भाड्याची गाडी. जुनीच शंभर सीसीची, पेट्रोलचा काटा मेलेला. ‘‘काल संध्याकाळीच घेतलीय हो ताई, रिझर्व्ह लागेल तेव्हा भरू म्हणालो होतो.’’ मी वाकून कॉक बघितला. तो आधीपासूनच रिझर्व्हवर होता. आधीच्या कुणीतरी फिरवलेला, तसाच राहिलेला. या पोरांच्या नशिबी आचका यायचाच नव्हता, एकदम शेवटच.

तिथं एक पायलट उभा होता. गोव्याबाहेरच्यांसाठी : पायलट म्हणजे मोटरसायकल-टॅक्सीवाला, पुढचा मडगार्ड पिवळा. साठीचा माणूस, डोक्याला रुमाल. त्यानं काही न बोलता पोरांच्या हातातून गाडी घेतली, झाकण घट्ट आहे ना बघितलं, आणि गाडी डावीकडे इतकी आडवी केली की हँडल जवळजवळ जमिनीला लागलं. पाच-सहा सेकंद तशीच धरली, उभी केली, चोक ओढला आणि किक मारली. चालू!

पोरांना जादू वाटली. टाकी गाडीच्या मधल्या नळीवर घोड्याच्या खोगिरासारखी बसलेली असते, म्हणजे खाली तिचे दोन कप्पे होतात, एक डावा, एक उजवा. कॉक बहुतेक एकाच बाजूला, जपानी घराण्याच्या गाड्यांत डावीकडे. पातळी मधल्या उंचवट्याखाली गेली की उजव्या कप्प्यातलं पेट्रोल तिकडेच अडकून पडतं. रिझर्व्हलाही ते मिळत नाही. गाडी आडवी केली की ते उंचवटा ओलांडून कॉकाकडे येतं. काही जुन्या विलायती गाड्यांना म्हणून दोन बाजूंना दोन कॉक असायचे. एक उघडा ठेवायचा, दुसरा बंद. बंद ठेवलेला तोच रिझर्व्ह.

‘‘आता खंयच रावूं नाकात, सरळ पंपार,’’ पायलट म्हणाला. पोरं गेली. मग आमच्याकडे वळून मराठीत, ‘‘माझी गाडी मी कायम रिझर्व्हवरच ठेवतो. दिवसाच्या भाड्यांवरून किलोमीटर कळतात, शंभरचं टाकतो, संपलं की परत शंभरचं.’’

मामाला हे पटलं नाही. धक्क्यावर उभ्या उभ्या दोघांचा वाद झाला, फेरी येऊन गेली तरी संपेना. मामाचं म्हणणं, इशारा देणारी वस्तू आहे तर तिला गप्प का बसवायचं? पायलटचं म्हणणं, कॉक कधीच फिरवला नाही तर त्यातला रबर आखडतो आणि ऐन वेळी तो फिरतच नाही. दुसरी गोष्ट, रिझर्व्हचं भोक कधी वापरलंच नाही तर तळाचा गंज आणि कचरा तिथंच साचून राहतो. माझ्या मते दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर. गाडी ऑनवर चालवावी, पण महिन्यातून एकदा टाकी भरलेली असताना पाच किलोमीटर रिझर्व्हवर फिरवून आणावी. आणि पेट्रोल भरल्यावर झाकण लावायच्या आधी कॉक परत ऑनवर. झाकण लावल्यावर माणूस पैसे द्यायला वळतो आणि विसरतो.

भाड्यानं गाडी घेताना ब्रेक आणि हॉर्न सगळेच बघतात. जुनी गाडी असेल तर कॉक कुठल्या खुणेवर आहे तेही बघा. लेबलं पुसलेली असली तर मालकालाच फिरवून दाखवायला सांगा, कारण सगळ्या गाड्यांत ऑनची दिशा एकसारखी नसते.

व्हाइसरॉयच्या कमानीखालून वर आलो. फोंडा, बोरीचा पूल, केपे असं करत संध्याकाळी रिवणला ओळखीच्या घरी मुक्काम. वाटेतलं सांगण्यासारखं काही नाही, नुसता पाऊस. रात्री मात्र चवथीनंतरचं पहिलं नुस्तं, म्हणजे मासे, ताटात आलं, बांगड्याचं हुमण आणि तिसऱ्यांचं सुकं. मामा बराच वेळ बोललाच नाही.

सोमवार : रिवण – नेत्रावळी

सकाळी आधी उसगाळीमळ. कुशावतीच्या काठच्या जांभ्यावर कोरलेली प्राचीन चित्रं आहेत, बैल, हरणं आणि एक गोल चक्रव्यूह. नदी भरलेली होती, खडक निसरडा. पावसाळ्यात जाणार असाल तर पायातल्या चपलेचा तळवा आधी बघा.

तिथून निघेपर्यंत पावसानं असा जोर धरला की मामानं बुलेटच्या टाकीच्या झाकणावर प्लास्टिकची पिशवी चढवली आणि सायकलच्या ट्यूबची पट्टी तीन वेढे देऊन करकचून बांधली. ‘‘पाण्याचा एक थेंब जायचा नाही आत,’’ मला म्हणाला. माझ्या झाकणाखालचं रबर जुनं झालंय हे त्याला माहीत होतं. ‘‘तुझ्याही बांधू काय?’’ मी नको म्हटलं.

सात-आठ किलोमीटर गेलो आणि बुलेट बंद पडली. आचके देत, पेट्रोल संपल्यासारखी. टाकी तर अर्ध्याच्या वर होती. रिझर्व्हवर टाकून बघितली, नाही. पाच मिनिटं थांबून किक मारली, चालू झाली, पुन्हा थोडं गेली, पुन्हा बंद. मामानं प्लग काढला, पुसला, पॉइंटचं झाकण काढून आत फुंकर मारली. मी छत्री धरून उभी. आसपास एक गॅरेज होतं, पण चवथीमुळे शटर खाली. मेकॅनिक गणपतीला गावी गेलेला, आणि त्याला कोण दोष देईल?

समोरच्या कुळागरातून एक आजोबा आले. लुंगी, डोक्यावर इरलं. ‘‘कितें जालें?’’ मामानं कॉइलपासून सुरुवात केली. आजोबांचं लक्ष त्याच्याकडे नव्हतंच, ते टाकीकडे बघत होते. बोटानं पिशवी दाखवून म्हणाले, ‘‘तें सोड आनी झांकण उगडून पळय.’’

पिशवी सोडली, झाकण फिरवलं, आणि टाकीनं ‘सुस्स’ करून मोठा श्वास आत ओढला. त्यानंतर बुलेट पहिल्या किकला चालू.

पेट्रोल जेवढं खाली उतरतं तेवढी हवा वरून आत यावी लागते. त्यासाठी झाकणात बारीक भोक असतं. ते बुजलं की टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल खाली यायचं थांबतं. गाडी थांबवून ठेवली की कुठून तरी थोडी हवा शिरते, म्हणून पुन्हा चालू होते. त्यामुळे माणूस प्लग आणि कॉइलच्या मागे लागतो. पिशवीच बांधायला पाहिजे असं नाही, गाडी धुताना भोकात बसलेली माती किंवा पॉलिशही पुरते. ओळखायची खूण : गाडी ठरावीक अंतरानं मरते आणि थांबल्यावर आपोआप सुधारते. तसं झालं की आधी झाकण उघडा, पाना नंतर काढा.

आजोबांनी आम्हाला पडवीत बसवून काळा चहा दिला. तिथंच त्यांची स्कूटर होती, टू-स्ट्रोक, ऑइल पेट्रोलात मिसळून टाकायची जुनी चेतक. तिच्या हँडलला एक माडाचा हीर सुतळीनं बांधलेला, त्यावर सुरीनं खाचा. वरची खाच भरली टाकी, मधली सांग्याला जाऊन येण्यापुरती, खालची नुसती नेत्रावळीपुरती. हीर टाकीत बुडवायचा आणि ओला कुठपर्यंत झाला ते बघायचं. मला तो इतका आवडला की त्यांनी केरसुणीतला एक उपटून मला दिला, आणि खाचा आपल्या गाडीच्या आपण पाडाव्या म्हणाले.

पुढे नेत्रावळीच्या तळीपाशी, जिथं देवळाच्या पाण्यातून सतत बुडबुडे वर येतात, माझी पाळी आली. माझं रिझर्व्ह लागलं आणि कॉक फिरवल्यावर गाडी सुधारण्याऐवजी जास्तच बिघडली. रिझर्व्हवर खोकते, धूर सोडते, मरते.

पाणी पेट्रोलपेक्षा जड. झाकणातून आत गेलेला पाऊस तळाशी जाऊन बसतो आणि रिझर्व्हचं भोक नेमकं तळाशीच. ऑनवर असेपर्यंत पत्ताच लागत नाही. हल्लीच्या 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलात आणखी एक भानगड असते. थोडं पाणी इथेनॉल आपल्यात सामावून घेतं, पण ते जास्त झालं की पाणी आणि इथेनॉल दोन्ही मिळून वेगळे होतात आणि खाली थर धरतात. तो थर कार्बोरेटरच्या गाडीला पचत नाही.

दुकानातून बाटलीतलं पेट्रोल घेतलं. गोव्यात खेडोपाडी पाण्याच्या बाटल्यांत ते मिळतं. कायद्यात बसत नाही आणि भावही चढा असतो. घ्यायचीच वेळ आली तर बाटली उजेडात धरून खाली वेगळा थर दिसतो का ते बघा. चेतकसारखी गाडी असेल तर टू-टी ऑइल मिसळायला विसरू नका. आरएक्सची ऑइलची टाकी वेगळी असते, तेवढं सुख. दोन बाटल्या ओतल्यावर पातळी उंच नळीच्या वर गेली, कॉक ऑनवर केला, आणि गाडी काही झालंच नाही अशी चालू लागली. रिवणला परतल्यावर पडवीत कॉकखालची वाटी उघडली आणि तळाचं सगळं काचेच्या ग्लासात काढलं. बोटभर गढूळ थर खाली, पेट्रोल वर, मधे आखल्यासारखी रेघ. घरातल्या लहान मुलांनी रांग लावून बघितलं.

‘‘बांधली असतीस पिशवी तर?’’ मामा म्हणाला.

‘‘तर दोघंही आजोबांकडे चहा पीत बसलो असतो,’’ मी म्हटलं.

मंगळवार : सावर्डे – उसगाव – साखळी – चोर्ला – घर

परतीला पाऊस उघडला. साखळीला टाक्या काठोकाठ न भरता बोटभर जागा ठेवून भरल्या, कारण उन्हात पेट्रोल फुगतं आणि झाकणातून रंगावर उतरतं. इथंच भरून घ्या. पुढे चोर्ला घाट आणि जांबोटीपर्यंतचं जंगल आहे, पेट्रोलचा भरवसा धरू नका. सुर्ल्याच्या वर ढग दरीत उतरलेले होते, समोरचे धबधबे अर्धेच दिसत होते. कणसं भाजणाऱ्या बाईनं आमच्या गाड्या बघून तिच्या नवऱ्याच्या राजदूतची आठवण काढली आणि दोन कणसं जास्तीची दिली.

जांबोटी, बेळगाव, संकेश्वर, आणि अंधार पडायच्या आत घर. गाड्या लावल्या, दोघांनी कॉक ऑफ केले.

माझ्या झाकणाला नवं रबर बसलं, हिरावर खाचा पाडून झाल्या. मामानं ती पिशवी मात्र टाकली नाही. धुऊन वाळवली आणि दाभण तापवून तिला खालच्या बाजूनं चार भोकं पाडली. वरून पाणी नको, खालून हवा पाहिजे, असं त्याचं म्हणणं. मामी म्हणते, यापेक्षा झाकण बदलायला साठ रुपये पडले असते.